पत्रिकेवरचा तिरका टाइप

मुलुंड-घाटकोपरकडच्या इंग्रजी लग्नपत्रिकांवर वधूवरांची नावे अनेकदा उजवीकडे कललेल्या, टोकांना बारीक शेपट्या असलेल्या अक्षरांत असतात. हा सेरिफ इटॅलिक. फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरलेला हा टाइप मुद्रक आल्दुस मानुतिउसने व्हेनिसमध्ये १५०१ साली अख्ख्या पुस्तकासाठी वापरला. मूळ हस्ताक्षराचे, म्हणून अक्षरांची घडणच वेगळी. नुसता कल नव्हे. नावे, ग्रंथशीर्षके, एखाद्या शब्दावरचा भर यांना तो फार शोभतो. पानभर मजकुराने मात्र डोळे शिणतात.

देवनागरीत ही परंपरा नाही. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक राहिलेल्या र. कृ. जोशींनी घडवलेल्या 'मंगल' या संगणकीय टाइपलाही स्वतंत्र इटॅलिक नाही. इटॅलिक मागितले तर संगणक सरळ अक्षरे नुसती तिरकी ढकलतो आणि त्यांचा डौल बिघडतो. मराठी नावे सरळच छापा, भर हवा तर ठसा जाड करा.