अपंग पतीची घरगुती शुश्रूषा : इंग्लंडांतील व्यवस्था

अर्धांगवायूनें पतीला अंथरुणास खिळविलें, कीं पत्नीच्या दिनचर्येचा सारा क्रम पालटतो. पहांटे उठवून बसवावें, अंग पुसावें, कपडे घालावे, घास भरवावा आणि रात्रीं दोनदां उठून कूस पालटून द्यावी. हीं कामें प्रेमानें होतात. परंतु प्रेमानें केल्या कामानेंही पाठ दुखतेच. पत्नी अंथरुणास खिळली व पति शुश्रूषा करूं लागला, तरी स्थिति तीच. इंग्लंडांत अशा दांपत्याला मदत मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. तो कसा बजावावा, हें समजून घेण्यासारखें आहे.

१९४८ सालच्या राष्ट्रीय साहाय्य कायद्यानें तेथील जुना गरीब-कायदा संपुष्टांत आला आणि अपंगांच्या साहाय्याचें काम स्थानिक कौन्सिलांकडे आलें. आज या व्यवस्थेचा आधार म्हणजे २०१४ चा शुश्रूषा कायदा. तो १ एप्रिल २०१५ पासून अमलांत आला.

आरंभ कौन्सिलाकडे गरजांची पाहणी मागण्यानें होतो. एखाद्यास मदतीची गरज असावी असें नुसतें दिसलें, तरी पाहणी करणें कौन्सिलास बंधनकारक आहे. तिला शुल्क पडत नाहीं, आणि घरांत पैसा किती आहे हें त्या वेळीं पाहावयाचें नसतें. खाणें, स्वच्छता, शौच, कपडे घालणें, घरांत सुरक्षितपणें वावरणें अशा दहा गोष्टी नियमांत दिल्या आहेत. आजारामुळें वा अपंगत्वामुळें त्यांपैकीं दोन किंवा अधिक साधत नसतील, व त्याचा जीवनस्वास्थ्यावर मोठा परिणाम होत असेल, तर माणूस मदतीस पात्र ठरतो. एखादें काम साधतें, पण बऱ्याच वेदना सोसून किंवा फारच वेळ घेऊन साधतें, तर तेंही न साधण्यांतच जमा होतें.

पुष्कळ दांपत्यें चुकतात तीं येथेंच. अधिकारी घरीं येतो. पति सांगतो, ‘आमचें ठीक चाललें आहे’, आणि पत्नी मान डोलावते. ठीक चाललेलें असतें तें पत्नीच्या कष्टांवर. वास्तविक पात्रता ठरवितांना पत्नी काय करते हें बाजूस ठेवावयाचें असतें. तिचें काम पुढें योजना आंखतांना विचारांत येतें, आणि तेंही तिची इच्छा व शक्ति पाहून. म्हणून पाहणीपूर्वीं आठवडाभराची टिपणवही ठेवावी : कितीदां उचलावें लागलें, रात्रीं किती वेळां जाग आली, कोणतें काम यापुढें झेपणार नाहीं. बऱ्या दिवसाबरोबर वाईट दिवसही त्या वहींत यावा. शिवाय पत्नीचीही स्वतंत्र पाहणी होऊं शकते. तिची झोप, तिची नोकरी, तिची प्रकृति हे त्या पाहणीचे विषय होत. ती आवर्जून मागावी.

पात्रता ठरल्यावर लेखी योजना होते व तिच्यासाठीं रक्कम ठरते. कौन्सिल मदतनीस पाठवितें, किंवा दांपत्याची इच्छा असल्यास रक्कम हातीं देतें व मदतनीस त्यांनीं निवडावयाचा असतो. मात्र त्याच घरांत राहणाऱ्या पत्नीस त्यांतून वेतन देतां येत नाहीं; कौन्सिलास आवश्यक वाटलें तरच अपवाद होतो.

खर्चाचा हिशेब यानंतर येतो. २३,२५० पौंडांहून अधिक शिल्लक असणारास सामान्यतः सारा खर्च स्वतः सोसावा लागतो. परंतु शुश्रूषा घरीं होत असेल, तर राहत्या घराची किंमत हिशेबांत धरीत नाहींत. पत्नीची स्वतःची पुंजीही मोजीत नाहींत. संयुक्त खात्यांतील सामान्यतः निम्मा भागच पतीचा धरतात. आधाराच्या दांड्या, लहान उतरंड यांसारख्या हजार पौंडांपर्यंतच्या सोयी, पाहणींत गरज ठरल्यास, मोफत मिळतात. न्हाणीघर बदलण्यासारख्या मोठ्या कामास तीस हजार पौंडांपर्यंत अनुदान आहे. तें मात्र मिळकत पाहून देतात.

निर्णय पटला नाहीं, तर कारणें लेखी मागावीं व कौन्सिलाकडे तक्रार करावी. तेथें दाद न लागल्यास स्थानिक शासनाच्या लोकपालाकडे जातां येतें.

मदत मागितल्यानें संसारास उणेपणा येत नाहीं. सकाळीं तासभर मदतनीस आला, तर तेवढा वेळ पत्नीची परिचारिकेच्या कामांतून सुटका होते, आणि नंतर ती पतीशेजारीं निवांत बसून चहा घेऊं शकते. कित्येक महिन्यांत दोघांनाही तेवढेंच लाभलेलें नसतें.