दिलेल्या शब्दाची किंमत

जनावरांच्या बाजारात एके काळी सौदा उपरण्याखाली ठरत असे. विकणारा आणि घेणारा एकमेकांची बोटे दाबून भाव सांगत. भाव जमला की विसार दिला जाई आणि विसार हातात पडल्यावर ‘आता बैलाची किंमत वाढली’ असे म्हणण्याची छाती कोणा दलालालाही होत नसे. लेखी करार नव्हता, साक्षीदारही बहुधा नसत. पण दिलेल्या शब्दाला बाजारात किंमत होती. आज करार छापील असतात, त्यांच्या अटी पानेच्या पाने व्यापतात, आणि तरीही विसार घेतल्यानंतर भाव बदलण्याची मुभा एकाच पक्षाने स्वतःपाशी राखून ठेवलेली असते. मोबाईल फोनच्या दरवाढीचा विषय आम्ही आज हाती घेत आहोत तो याच कारणासाठी. प्रश्न दोन-चारशे रुपयांचा दिसतो. वस्तुतः तो शब्दाचा आहे.

गेल्या काही वर्षांचा हिशेब प्रथम मांडू. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ अशा तीन मोठ्या दरवाढी खासगी मोबाईल कंपन्यांनी केल्या आणि प्रत्येक वेळी त्या एकीपाठोपाठ एक, दिवसांच्या अंतराने झाल्या. जुलै २०२४ मध्ये जिओचे अठ्ठावीस दिवसांचे १५५ रुपयांचे रिचार्ज १८९ रुपयांना झाले आणि २३९ रुपयांचे २९९ ला गेले. एअरटेलचे १७९ चे १९९ झाले. अठ्ठावीस दिवसांचा महिना मानला की वर्षात बारा नव्हे, तेरा महिने भरतात. त्या हिशेबाने १५५ रुपयांच्या ग्राहकाला वर्षाकाठी ४४२ रुपये जादा पडले आणि २३९ रुपयांच्या ग्राहकाला ७८०. अठ्ठावीस दिवसांचा हा महिना हीसुद्धा एक झाकलेली दरवाढच होती. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, जानेवारी २०२२ मध्ये तीस दिवसांची आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारी रिचार्जेही ठेवलीच पाहिजेत असा आदेश काढला, तो उगाच नव्हे.

निपाणीच्या विडी कामगार स्त्रीला, खानापूरच्या जंगलपट्ट्यातील शेतकऱ्याला किंवा बेळगावच्या यंत्रमागावर राबणाऱ्या विणकराला हे पैसे किरकोळ नाहीत. शिवाय फोन ही आता चैनीची वस्तू उरलेली नाही. बँकेचा परवलीचा आकडा त्यावर येतो, गॅस सिलिंडरची नोंद त्यावर होते, गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार जमा झाल्याचा निरोपही त्यावरच येतो. फोन बंद पडला तर माणूस केवळ बोलण्याला मुकत नाही. तो स्वतःच्या पैशांपासून आणि हक्कांपासून तुटतो. अशा वस्तूचा भाव वाढतो तेव्हा ‘परवडत नसेल तर घेऊ नका’ हा दुकानदारी सल्ला निरर्थक ठरतो.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. मोबाईलचे दर ठरविण्याची मोकळीक ‘ट्राय’ने कंपन्यांना दिलेली आहे. नवा दर लागू केल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत तो प्राधिकरणाला कळविणे एवढेच सामान्यतः त्यांच्यावर बंधन आहे. तेव्हा उद्याच्या ग्राहकासाठी उद्याचा दर वाढविणे हा कंपनीचा अधिकार आहे, तो आम्ही नाकारीत नाही. ध्वनिलहरींच्या लिलावात आणि नव्या यंत्रणेत त्यांचा प्रचंड पैसा गुंतला आहे, आणि काही वर्षांपूर्वी गळेकापू स्पर्धेत दर इतके खाली गेले की त्यात अनेक कंपन्या बुडाल्या, हेही खरे आहे. परंतु नवा भाव सांगणे वेगळे आणि झालेला सौदा मोडणे वेगळे. पहिला व्यापार आहे, दुसरा विश्वासघात आहे. कायदाही हा भेद मानतो, ही गोष्ट मात्र फारच थोड्या ग्राहकांना ठाऊक आहे.

जुलै २००४ मध्ये दर-आदेशाला जी दुरुस्ती झाली, तिने ग्राहकाला एक साधे अभय दिले. एखाद्या दर-योजनेत ग्राहक दाखल झाला की त्या दिवसापासून सहा महिने त्या योजनेतील कोणताही दर त्याला तोट्यात घालील अशा रीतीने वाढविता येणार नाही. ग्राहकाने मात्र हवी तेव्हा दुसरी योजना घ्यावी. सहा महिन्यांची बेडी कंपनीच्या पायात आहे, त्याच्या पायात नाही. मार्च २००६ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली. सहा महिन्यांहून अधिक मुदतीची किंवा ‘आजीवन’ म्हणून एकरकमी पैसे घेऊन विकलेली योजना, जाहीर केलेल्या संपूर्ण मुदतीपर्यंत त्या ग्राहकासाठी चालू ठेवली पाहिजे असे तिने ठरविले. वर्षाचे पैसे आगाऊ घेतले तर वर्षभर तोच भाव, हा बैलबाजारातला न्याय अशा रीतीने सरकारी कागदावर आला. उणीव एवढीच की ज्या रिचार्जची मुदतच अठ्ठावीस दिवसांची, त्याचे संरक्षणही व्यवहारात अठ्ठावीस दिवसांतच संपते. म्हणूनच कंपन्यांना लहान मुदत प्रिय आहे आणि म्हणूनच, ज्याला एकदम पैसे काढणे जमते त्याने मोठी मुदत घेण्यात शहाणपण आहे.

‘आजीवन’ या शब्दाचे पुढे काय झाले, हे या विषयातले सर्वांत बोलके प्रकरण होय. २००५ च्या अखेरीस आणि २००६ च्या आरंभी कंपन्यांनी ९९९ रुपयांत आयुष्यभर येणारे फोन चालू ठेवण्याचे आश्वासन दिले. खेड्यापाड्यांतील लोकांनी सणासाठी राखलेले पैसे काढून ती कार्डे घेतली. कोणाचे जीवन, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. नंतर खुलासा झाला की ते ग्राहकाचे नसून कंपनीच्या परवान्याचे जीवन होते! पुढे २०१८ च्या अखेरीस, येणारे फोन चालू ठेवायचे तर दर अठ्ठावीस दिवसांनी किमान ३५ रुपयांचे रिचार्ज मारा, असे निरोप या जुन्या ग्राहकांनाही येऊ लागले. तक्रारींचा ओघ वाढला तेव्हा ‘ट्राय’ने त्याच नोव्हेंबरात कंपन्यांना जाब विचारला आणि ज्यांच्या खात्यात पुरेशी शिल्लक आहे त्यांची सेवा तोडू नये असे बजावले. बजावणी झाली, पण किमान रिचार्जची प्रथा रुजायची ती रुजलीच. पुढे त्या ३५ चे काय झाले हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. तक्रार करणारे थोडे आणि निमूटपणे पैसे भरणारे फार, हेच त्याचे कारण.

सीमाभागात या दुखण्याला आणखी एक पदर आहे. १९५६ मध्ये राज्यांची आखणी झाली आणि पुढे दूरसंचाराची परिमंडळेही बहुतांशी राज्यांच्या हद्दींवरच बेतली गेली. गोवा आणि महाराष्ट्र एका परिमंडळात आले. बेळगाव, निपाणी, खानापूर कर्नाटकाच्या परिमंडळात गेले. चोर्ला घाट उतरून रोज भाजी आणि दूध गोव्याच्या दारात येते, घाटाच्या दोन्ही अंगांना सोयरीकी आहेत, पण वर्षानुवर्षे पणजीहून बेळगावला केलेला फोन हा परमुलखातला फोन मानला गेला. निपाणीचा माणूस कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला गेला, किंवा बेळगावचा माणूस शिनोळीला गेला, की त्याचा फोन ‘परदेशी’ होई आणि आलेला फोन उचलण्यालाही मिनिटाला कमाल १ रुपया ७५ पैसे मोजावे लागत. जुलै २०१३ मध्ये ही मर्यादा ७५ पैशांवर आली आणि पुढच्या चार वर्षांत स्पर्धेच्या रेट्याने ती आकारणी जवळजवळ नाहीशी झाली. दर खाली आणता येतात, हद्दी पुसता येतात, हेच त्यातून सिद्ध झाले.

परिमंडळाची रेघ मात्र आजही आहे. दरवाढसुद्धा परिमंडळागणिक करता येते. २०२२-२३ मध्ये एअरटेलने किमान रिचार्ज ९९ वरून १५५ रुपयांवर नेले तेव्हा आरंभ हरियाणा आणि ओडिशा येथून केला आणि मग एकेक परिमंडळ घेतले. सीमेवरच्या माणसाला त्यामुळे आपल्या पाहुण्याचा भाव एक आणि आपला भाव दुसरा असा अनुभव येऊ शकतो. त्यातच दर बदलल्याचा निरोप इंग्रजीत नाही तर कन्नडात आला, की मराठी शाळेत शिकलेली म्हातारी माणसे तो न वाचताच पुसून टाकतात. हा येथे भाषिक वादाचा मुद्दा आम्ही करीत नाही. सौद्याचा भाव बदलत असेल तर तो गिऱ्हाइकाला कळेल अशा भाषेत सांगावा, इतकी साधी ही गोष्ट आहे.

मग दाद मागायची कोठे? पहिली पायरी कंपनीच्या तक्रार केंद्राची. तेथे तक्रार नोंदविली की नोंद क्रमांक मिळालाच पाहिजे. तो लिहून ठेवावा. तेथे समाधान झाले नाही तर तीस दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही आणि एकूणचाळीस दिवसांत निर्णय देण्याचे बंधन आहे. ‘ट्राय’ स्वतः एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करीत नाही, हे माहीत नसल्यामुळे पुष्कळांचे अर्ज आणि महिने वाया जातात. खरी दाद ग्राहक आयोगात आहे.

त्या दरवाज्यालाही दीर्घकाळ कडी होती. १८८५ च्या तार कायद्यात लवादाची तरतूद आहे, तेव्हा टेलिफोनच्या तंट्यात ग्राहक मंचाला अधिकार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला होता आणि कंपन्या त्याची ढाल पुढे करीत. अहमदाबादेतील एका ग्राहकाने ती ढाल फोडली. महिना २४९ रुपये भाड्याची त्याची योजना होती, सरासरी बिल ५५५ रुपयांचे येई. नोव्हेंबर-डिसेंबर २०१३ च्या एका महिन्यासाठी व्होडाफोनने त्याच्याकडून २४,६०९ रुपये ५१ पैसे आकारले. २०१४ मध्ये तो जिल्हा मंचात गेला. मंचाला हे प्रकरण ऐकण्याचा अधिकार आहे की नाही, एवढ्याच प्रश्नावर कंपनीने त्याला जिल्ह्यापासून दिल्लीपर्यंत नेले. शेवटी १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की दूरसंचार ही ग्राहक कायद्याच्या अर्थाने सेवाच आहे आणि ग्राहक मंचाचा दरवाजा त्यासाठी खुला आहे. एका सामान्य माणसाच्या आठ वर्षांच्या चिकाटीने कोट्यवधींची वाट मोकळी झाली.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ही वाट आणखी जवळ आणली आहे. ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात त्याला तक्रार करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत असो वा दिल्लीत, निपाणीच्या माणसाला बेळगावचा जिल्हा आयोग पुरेसा आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील दिलाच पाहिजे असे नाही, मुदत दोन वर्षांची आहे. ‘अन्याय्य करार’ ही कल्पनाही या कायद्याने प्रथमच आणली. ग्राहकाच्या हक्कांत मोठा बदल घडवून त्याच्यावर अवाजवी आकार वा अट लादणाऱ्या कराराला आव्हान देता येते. त्यासाठी मात्र राज्य आयोगाकडे जावे लागते. ‘कंपनी केव्हाही दर बदलू शकेल’ या बारीक अक्षरांतल्या ओळीची परीक्षा अशा आव्हानातच व्हावयाची आहे.

पण कायदा पुराव्यावर उभा राहतो. रिचार्ज केल्या दिवशीचा संदेश पुसू नका. योजनेची जाहिरात, तिची मुदत, भरलेली रक्कम यांची नोंद वहीत करा, दुकानदाराकडून पावती मागा. वार्षिक रिचार्ज असताना मध्येच सवलत कापली गेली, किंवा मासिक बिलाच्या योजनेत सहा महिन्यांच्या आत आकार वाढला, तर तारखांसह लेखी तक्रार करा. केवळ बोलण्यापुरता फोन असणाऱ्यांनी हेही जाणावे की, डिसेंबर २०२४ च्या ‘ट्राय’च्या नियमाप्रमाणे इंटरनेटविना, फक्त बोलणे आणि संदेश यांचे रिचार्ज ठेवणे कंपन्यांना भाग आहे, न वापरलेल्या वस्तूचे पैसे देण्याचे कारण नाही. आणि नव्वद दिवस झाले असतील तर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. जुलै २०२४ नंतर लाखो ग्राहक भारत संचार निगमकडे वळले, त्याची दखल बाजाराला घ्यावी लागली.

आमच्या तालुक्यांतील ग्रामपंचायती, वाचनालये, महिला मंडळे आणि पतसंस्था यांनी हे काम अंगावर घ्यावे असे आम्ही सुचवितो. आठवड्याच्या बाजारादिवशी एक शिकलेला मुलगा एका टेबलाशी बसला आणि त्याने लोकांचे निरोप वाचून दाखविले, तक्रारी लिहून दिल्या, तर पुष्कळ काम होईल. एकट्याचे चारशे रुपये कंपनीला दिसत नाहीत. चारशे माणसांच्या चारशे तक्रारी दिसतात.

निपाणीला हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये. १९८१ च्या वसंतात एकतर्फी ठरणाऱ्या भावाविरुद्ध तंबाखू पिकविणारे हजारो शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथल्या महामार्गावर ठाण मांडून बसले होते आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात त्यांतील बारा जणांचे प्राण गेले. त्या बलिदानाशी फोनच्या दराची तुलना करण्याचा अगोचरपणा आम्ही करणार नाही. पण भाव ठरविताना समोरच्या माणसालाही तोंड आहे, हे या गावाने देशाला ऐकविले आहे. आज रस्त्यावर बसण्याची आवश्यकता नाही. एक अर्ज, एक पावती आणि थोडी चिकाटी पुरेशी आहे. बैलबाजारातल्या अडाणी माणसाने पाळलेला शब्द कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला पाळता येऊ नये, असे मुळीच नाही. तो पाळावयास लावणारा ग्राहक मात्र हवा.