सदंत जन्म : घाई नको, परीक्षण हवे

बाळ दात घेऊन जन्मास आले की घरात आनंदाऐवजी कुजबुज सुरू होते. चार-पाच दिवसांच्या अशाच एका बालिकेस घेऊन आलेल्या आजीबाईंनी आम्हांस प्रथम विचारले, ते ‘दात आजच काढता ना?’ एवढेच.

काश्यपसंहितेच्या दंतजन्मिक अध्यायात सदंत जन्म अप्रशस्त मानला आहे. वाग्भटाचार्यांनीही अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात शांती सांगितली आहे. दात उपटणे नव्हे. कुटुंबाने शांती खुशाल करावी, वैद्याने मात्र दात पाहावा.

सुमारे दोन ते तीन हजार जन्मांत एखादे असे बालक आढळते. दात बहुधा खालच्या जबड्यात पुढे असतो. दहापैकी नऊ वेळा तो अधिकचा नसून बाळाचा स्वतःचा दुधाचा दातच लवकर उगवलेला असतो. तो काढल्यास ती जागा कायमचा दात येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, रिकामी राहते. हिरडीवरील पांढरे, टणक पुटकुळीसारखे दाणे हे दात नव्हेत. ते आपोआप जातात.

दात घट्ट असेल व स्तन्यपानास अडचण नसेल, तर स्वच्छ ओल्या फडक्याने पुसावा व लक्ष ठेवावे. धारदार कडेने जिभेखाली व्रण झाल्यास दंतवैद्याकडून कड घासून घ्यावी. व्रण भरला नाही तर दात काढण्याचा विचार होतो. मुळे अपुरी असल्याने काही दात फार हलतात. असा दात सुटून श्वासमार्गात जाण्याचे भय असते, म्हणून तो काढणेच योग्य. मात्र नवजातात जीवनसत्त्व ‘के’ अल्प असल्याने रक्तस्राव आवरत नाही. ते जन्मतः टोचले होते का, हे विचारल्यावाचून पहिल्या दहा दिवसांत दातास हात लावू नये. दाईने दोऱ्याने दात ओढणे तर सर्वथा वर्ज्य. त्या बालिकेस ते इंजेक्शन मिळालेच नव्हते. दात घट्ट होता, तो आम्ही ठेवला. आजीबाई रुष्ट झाल्या.

औषधविक्रेत्या बंधूंस एक विनंती. हिरडीस लावावयाचे बेंझोकेन असलेले मलम अशा बाळासाठी देऊ नये. त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये दोन वर्षांखालील बालकांसाठी त्याविरुद्ध इशारा दिला आहे. हिरडीवर मध चोळण्याचा सल्लाही, आपल्या परंपरेत मधुप्राशन असले तरी, आम्ही आता देत नाही; एक वर्षाखालील बालकास मधातील जीवाणूंच्या बीजाणूंमुळे बोटुलिझम होण्याचा धोका असतो.