समुद्रतळाचा पहारा आणि खामगावचा कापूस

१८७० या एका वर्षात खामगावच्या नशिबात दोन रेघा ओढल्या गेल्या. एक लोखंडी: जलंबहून खामगावला येणारा रेल्वेचा फाटा, ज्याचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी केले. दुसरी तांब्याची आणि पाण्याखालची: ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जहाजाने मुंबईहून एडनकडे समुद्रतळावर तारायंत्राची केबल अंथरली. ती पुढे सुएझमार्गे थेट इंग्लंडला जोडली गेली. त्यानंतर लिव्हरपूलचा व्यापारी तारेने वऱ्हाडचा कापूस मागवी आणि साधारण सहा आठवड्यांत गाठी तिकडच्या गोदीत उतरत.

हे आधी सांगायचे कारण असे की, नौदल समुद्रतळावरच्या केबल आणि वाहिन्यांचे रक्षण करते म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, बुलढाणा जिल्ह्याचा समुद्राशी काय संबंध? किनारा शेकडो किलोमीटर लांब. आपले पाणी म्हणजे पैनगंगा, पूर्णा आणि लोणारचे खारे सरोवर. पण संबंध दीडशे वर्षांचा आहे आणि आता तो पूर्वीपेक्षा घट्ट झालेला आहे. आज खामगावचा व्यापारी न्यूयॉर्कच्या कापूस वायद्याचा भाव मोबाइलवर पाहतो, तो आकडाही समुद्राखालूनच येतो. युरियाच्या पोत्याचेही तसेच. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल सापडले आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. तिथला वायू समुद्रतळावरच्या वाहिन्यांतून उरणला येतो आणि अलिबागजवळचा थळचा खत कारखाना या वायूच्या भरवशावर उभा राहिला. मेहकर-चिखलीच्या सोयाबीनपट्ट्यात खताची गाडी वेळेवर पोहोचणे आणि अरबी समुद्राच्या तळाशी एक नळ शाबूत असणे, या दोन गोष्टी वाटतात तितक्या लांबच्या नाहीत.

एक समज फार खोल रुजलेला आहे: इंटरनेट उपग्रहावरून येते. घरावरची तबकडी दिसते, मनोरा दिसतो, अग्निबाणाचे उड्डाण टीव्हीवर दिसते. समुद्रतळ कुणाला दिसत नाही. वस्तुस्थिती अशी की देशादेशांमधली ९५ टक्क्यांहून अधिक माहिती समुद्राखालच्या केबलमधून धावते. भूस्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. तिथे जाऊन परत येण्यातच संदेशाचा पाव सेकंद जातो. खालच्या कक्षेतल्या नव्या उपग्रहांनी हा उशीर कमी केला, पण एकेक केबल जेवढा भार वाहते तेवढा त्यांना पेलत नाही. खोल समुद्रात ही केबल बागेला पाणी घालायच्या नळीइतकीच जाड असते. आत केसासारखे काचेचे तंतू, बाकी पोलादी तारांचे कवच, विजेसाठी तांबे आणि प्लास्टिकचे आवरण. वाटेत प्रकाश मंदावतो म्हणून ठरावीक अंतरावर तो वाढवणारी यंत्रे बसवलेली असतात आणि त्यांना वीज किनाऱ्यावरून मिळते. भारतात अशा १७ आंतरराष्ट्रीय केबल १४ केंद्रांवर किनाऱ्याला लागतात, अशी दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, काही वर्षांपूर्वीची नोंद आहे. मुंबईतल्या बहुतेक केबल वर्सोव्याच्या अवघ्या काही किलोमीटरच्या पट्ट्यात एकवटल्या आहेत. मला या सगळ्यात सर्वांत काळजीची वाटते ती हीच गोष्ट. धरणाचे सगळे कालवे एकाच मोरीतून काढावेत तसे हे झाले आहे.

केबल तुटली की लगेच शत्रूचे नाव घेतले जाते, कधी शार्कचेही. शार्कच्या चाव्यांच्या नोंदी १९८०च्या दशकात झाल्या होत्या, पण आज ते कारण नगण्य आहे. जगभरात वर्षाला दीडशे ते दोनशे बिघाड होतात आणि त्यांतले दोनतृतीयांशाहून अधिक मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर यांच्यामुळे होतात. मात्र घातपात ही निव्वळ कल्पना आहे असेही समजू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये बाल्टिक समुद्रात नॉर्ड स्ट्रीम वायुवाहिन्या स्फोटांनी फोडल्या गेल्या. अपघात आणि घातपात यांच्या मधलाही एक प्रकार असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्राने जखमी झालेले ‘रुबीमार’ हे मालवाहू जहाज खलाशांनी सोडले. टाकलेला नांगर फरपटत ते वाहत गेले आणि बहुधा त्याच नांगराने तीन केबल तुटल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच समुद्रात जेद्दाहजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातही इंटरनेट मंदावले. आपल्या पश्चिमेकडच्या बऱ्याच केबल त्याच चिंचोळ्या वाटेने जातात.

मग नौदलाची नौका नेमके काय करते? लोकांच्या डोळ्यांसमोर तोफा रोखून केबलवर उभी असलेली युद्धनौका येते. हजारो किलोमीटर लांबीच्या केबलवर असा पहारा कोणत्याच देशाला शक्य नाही. ब्रिटनने या कामासाठी ‘प्रोटियस’ ही नौका २०२३ मध्ये सेवेत घेतली, ती मुळात नॉर्वेत बांधलेली, तेलक्षेत्रात राबणारी नौका होती. तिचे बळ तोफांत नाही. मोठी क्रेन, जहाजाच्या पोटातून थेट पाण्यात उघडणारी विहीर आणि तिथून खाली सोडायची मानवरहित यंत्रे, यांत ते आहे.

भारतीय नौदलाने हे काम एका नौकेवर सोपवलेले नाही. ‘ध्रुव’ ही २०२१ मध्ये दाखल झालेली नौका सागरी टेहळणीची म्हणून अनेकांना ठाऊक असते, पण तिचे मोठे रडार आकाशाकडे, क्षेपणास्त्रांच्या मार्गाकडे लागलेले असतात. तळाचे काम ‘संधायक’ वर्गाच्या सर्वेक्षण नौका करतात. त्यांतली पहिली फेब्रुवारी २०२४ मध्ये विशाखापट्टणमला सेवेत आली. ध्वनिलहरींनी त्या समुद्रतळाचा नकाशा काढतात. शेताची मोजणी झालेली असेल तर धुऱ्याचा दगड कोणी सरकवला ते कळते. मोजणीच नसेल तर वाद घालायचा कशावर? समुद्रतळाचेही तसेच आहे. कालचा नकाशा असला तरच आज तिथे आलेली परकी वस्तू ओळखता येते.

जुलै २०२५ मध्ये ‘निस्तार’ आली. दहा हजार टनांहून अधिक वजनाची ही नौका विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डने बांधली. तिच्यावरचे पाणबुडे ३०० मीटरपर्यंत उतरून काम करू शकतात आणि दूरनियंत्रित यंत्रे १००० मीटरपर्यंत जातात. तिचा मुख्य हेतू अडकलेल्या पाणबुडीतल्या माणसांची सुटका हा आहे. आपण अडचण ‘निस्तरणे’ म्हणतो, तोच शब्द. खोल पाण्यात हात घालण्याची ही ताकद गरज पडल्यास तळावरच्या इतर कामांनाही उपयोगी पडते. गोव्याच्या हंसा तळावरून टेहळणीची पी-८आय विमाने उडतात. आणि समुद्रापासून आपल्यासारखेच लांब असलेल्या गुरुग्राममध्ये २०१८ पासून एक माहिती केंद्र हिंद महासागरातल्या व्यापारी जहाजांच्या हालचालींवर लक्ष ठेवते. एखादे जहाज केबलच्या मार्गावर कारण नसताना रेंगाळू लागले, तर ते आधी इथल्या पडद्यावर दिसू शकते. मुंबई हायच्या तेल-वायू फलाटांसाठी नौदलाची वेगळी व्यवस्था १९८३ पासून आहे आणि प्रत्येक फलाटाभोवती ५०० मीटरचे सुरक्षाक्षेत्र असते.

संशयित जहाज दिसले की नौदल ते धरून आणते, हा समज सर्वांत कमी तपासलेला आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाचे पूर्ण राज्य चालते. त्यापलीकडे अनन्य आर्थिक क्षेत्रात साधनसंपत्तीवर हक्क असला, तरी परक्या झेंड्याच्या जहाजावर केबल तोडल्याबद्दल कारवाई करणे कायद्याने फार अवघड आहे. फिनलंडने डिसेंबर २०२४ मध्ये ‘ईगल एस’ हे तेलवाहू जहाज ताब्यात घेतले. नांगर ओढत वीजवाहक केबल तोडल्याचा आरोप होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने आपल्याला अधिकारक्षेत्रच नाही म्हणून तो खटला काढून टाकला. इतक्या सजग देशाची ही गत झाली. त्यामुळे नौका कितीही वाढवल्या तरी हा आंतरराष्ट्रीय सागरी कायदा बदलण्यासाठी भारताने जागतिक व्यासपीठांवर आग्रह धरला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

आणि तुटलेली केबल नौदल जोडत नाही. ते काम खास दुरुस्ती जहाजांचे असते आणि त्यासाठी आपण परदेशी जहाजांवर अवलंबून आहोत. भारताची स्वतःची अशी जहाजे हवीत, हे ट्रायने २०२३ मध्ये सरकारला सुचवले आहे. दुरुस्ती जहाज तुटलेल्या जागेवर पोहोचते, पोलादी गळ दोरखंडाने तळाशी सोडते आणि केबल त्यात अडकेपर्यंत सावकाश ओढत राहते. विहिरीत पडलेली बादली आपल्याकडे गळाने काढतात तसे. फक्त विहीर काही किलोमीटर खोल. टोक वर आले की डेकवर काचेचे तंतू एकेक करून जोडतात, जोड तपासतात आणि केबल पुन्हा पाण्यात सोडतात. ‘ग्रेट ईस्टर्न’ने १८६६ साली अटलांटिकच्या तळातून हरवलेली केबल अशीच गळाने वर काढली होती.