पुण्याचा आलेख पालथा घाला, पापाकुरा दिसेल

इथली मुले एनसीईएच्या लेव्हल २ ला पोचली, की आलेख सरकवणे, ताणणे, उलटवणे शिकतात. उणे चिन्ह बाहेर असेल तर आलेख वर-खाली उलटतो, आत असेल तर डावे-उजवे बदलते, हा नियम पाठ होतो आणि परीक्षेत नेमका तिथेच घोटाळा होतो. शिकवताना मला दिसायचे, की घडी कुठे घालायची हे समजले की पाठांतराची गरज उरत नाही.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. मधल्या रेघेच्या एका बाजूचे पान दुसऱ्या बाजूला तेवढ्याच ठिपक्यांवर उमटते. रेघेवरचा ठिपका मात्र हलत नाही. आलेखाचेही तसेच. य = (क्ष − ३)² ही वाटी क्ष-अक्षावर ३ ला टेकते. उजवी बाजू पूर्ण उणे केली, तर क्ष-अक्षात प्रतिबिंब पडते: वाटी पालथी होते, पण ३ लाच टेकून राहते. क्ष च्या जागी −क्ष लिहिले, तर य-अक्षात प्रतिबिंब पडते: वाटी सुलटीच राहते, पण −३ ला जाते.

याचे घरचे उदाहरण म्हणजे दिवसाची लांबी. पुण्यातला दिवस किती तासांचा, ते वर्षभर मांडा आणि १२ तासांची आडवी रेघ अक्ष माना. २१ जूनच्या सुमारास आलेख सव्वातेरा तासांवर चढतो, डिसेंबरात ११ वर उतरतो. रेघेवर घडी घाला: डोंगराची दरी झाली, दरीचा डोंगर. हा आपला दक्षिण गोलार्ध!

पण पापाकुऱ्यात डिसेंबरचा दिवस सुमारे १४ तास ४० मिनिटांचा, जूनचा ९ तास ४० मिनिटांचा. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला, आपण ३७ अंश दक्षिणेला. म्हणून उलटवलेला आलेख दुपटीहून थोडा जास्त ताणावा लागतो. नुसतेच प्रतिबिंब हवे, तर ३७ अंश उत्तरेजवळचे कॅलिफोर्नियातले सॅन होजे घ्या.

मुलांना एक प्रश्न जरूर विचारा. २१ जूनला उभा अक्ष धरून डावी-उजवी घडी घातली तर? जवळपास काहीच बदलणार नाही. २१ जूनच्या महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर दिवस सारखाच असतो, म्हणून पुण्याचे पुणेच राहते. कोणती घडी, हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते इथे कळते.

मुले गणित इंग्रजीत शिकतात, तरी आजी-आजोबांना आलेख आणि अक्ष हे शब्द शाळेपासून ठाऊक आहेत. या दिवाळीपासून दर महिन्याच्या २१ तारखेला त्यांना तिथली सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ विचारा, इथली आपण लिहा. बारा महिन्यांचे ठिपके जोडा. तिथे दिवाळीत दिवस आखडत असतो, इथे वाढत असतो. मार्च आणि सप्टेंबरमध्ये मात्र दोन्ही आलेख १२ च्या रेघेवर भेटतात. अक्षावरचे बिंदू हलत नाहीत, ते असे.