मोहोळ, पोळें आणि पेटी

पंचामृतासाठीं ठेविलेली मधाची बाटली आपल्या बहुतेक घरांतून असते. पण तो मध मिळाला कसा, हें विचारण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. उत्तर आपल्या भाषेंतच आहे. मध आपण ‘काढतों’, मोहोळ ‘झाडतों’, पोळें ‘पिळतों’. या क्रियापदांत राखणें कोठेंच नाहीं. परभणीकडील आमच्या वाड्यामागच्या पिंपळावर आग्या मोहोळ बसे. अंधाऱ्या रात्रीं मध काढणारा धूर करून वर चढे, आणि सकाळीं झाडाखालीं मेलेल्या माश्यांचा सडा पडलेला असे. पिळलेल्या पोळ्यांत अंडीं व अळ्याही होत्या, हें तेव्हां आम्हां मुलांना कोणीं सांगितलें नाहीं.

माशीचीं नांवें मात्र आपल्या लोकांनीं मोठ्या बारकाईनें ठेविलीं आहेत. डंखानें अंगाची आग करते ती आग्या. तिचें एकच भलें मोठें पोळें उंच फांदीला उघड्यावर लोंबतें. झुडपांत तळहाताएवढें पोळें करते ती फुलोरी. आणि झाडाच्या ढोलींत, अंधारांत, शेजारीं शेजारीं अनेक पोळीं बांधते ती सातेरी. सात हा आंकडा तंतोतंत धरूं नये. पण पोळीं अनेक, आणि अंधारांत, म्हणूनच ती पेटींत राहते. आग्या पेटींत नांदत नाहीं.

पेटीचें मर्म एका लहानशा अंतरांत आहे. अमेरिकेंतील लँगस्ट्रॉथ यांनीं १८५१ सालीं ओळखिलें कीं, सुमारें पाव ते तीन अष्टमांश इंचाची वाट मोकळी ठेविली तर माश्या ती बुजवीत नाहींत. त्यामुळें चौकटी सुट्या उचलतां येतात, मध यंत्रांत फिरवून घेतां येतो, आणि पोळें जसेंच्या तसें परत ठेवितां येतें. आपल्याकडे हा उद्योग महाबळेश्वराच्या डोंगरांत रुजला. पुण्यास १९६२ सालीं केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली.

पेटीबरोबर ‘पालन’ हा शब्द आला. तो मला अजून पटत नाहीं. गाय दाव्याला असते. सातेरीला उपास पडला किंवा मुंग्यांचा त्रास झाला, कीं सारें बिऱ्हाड पेटी सोडून चालतें होतें. ‘राणी’ हाही असाच फसवा शब्द. युरोपांत तर शेंकडों वर्षें तिला ‘राजा’ म्हणत. सतराव्या शतकांत स्वामरडॅम या डच शास्त्रज्ञानें तिच्या पोटांतील अंडाशय दाखविलें, तेव्हां तो भ्रम फिटला. ती हुकूम सोडीत नाहीं, अंडीं घालते. आणि ती थकली कीं कामकरी माश्याच नवी राणी वाढवितात. एकत्र कुटुंबांत जिला ‘घरची राणी’ म्हणतात, तिच्या हातीं किल्ल्यांखेरीज सत्ता किती असते, हें वाचकभगिनी जाणतातच!

आमच्या जिल्ह्यांत आणखी एक शब्द घातक ठरतो: ‘कीड’. करडई बहुतांशीं स्वतःच्याच परागावर फळते, पण सूर्यफुलाचा दाणा भरण्यास माशीची मोठी मदत होते. आणि ऐन फुलोऱ्यांत सकाळीं कीड मारण्यास फवारलेलें औषध माशीला वगळीत नाहीं. फवारणी करावीच लागली, तर माश्या परतल्यावर संध्याकाळीं करावी.

यंदा पिंपळावर पुन्हां आग्या बसली आहे. मध पोळ्याच्या वरच्या एका अंगाला असतो. तेवढाच भाग काप, पिलांचा राहूं दे, असें मध काढणाराला सांगितलें. तो हंसला, पण कबूल झाला.