चौकट उघडणारी पोरं

२००१ साली ‘मॅक्स पेन’ नावाचा गेम आला. नायक झेप घेतो, काळ संथ होतो आणि गोळ्या डोळ्यांदेखत हवेतून जाताना दिसतात. मुंबईतल्या सायबर कॅफेंत तासाचे पैसे मोजून तो खेळलेली पिढी आता चाळिशीला आली. गेम बनवला फिनलंडच्या ‘रेमेडी’ या कंपनीने. ही कंपनी १९९५ची, आणि ती काढणाऱ्यांत ‘फ्यूचर क्रू’ या ग्रुपमधली पोरं होती. कंपनी निघण्याआधी या पोरांनी जे केलं, त्याचे त्यांना पैसे मिळाले नव्हते, मार्क मिळाले नव्हते, आणि ते करायला कुणी सांगितलंही नव्हतं. मला गेमपेक्षा तोच भाग मोलाचा वाटतो.

ही पोरं ‘डेमो’ लिहायची. डेमो म्हणजे संगणकावर चालणारा काही मिनिटांचा खेळ. चित्रं हलतात, संगीत वाजतं, आपण नुसतं बघायचं. पण हा आधी चित्रित केलेला व्हिडिओ नव्हे. पडद्यावरचं प्रत्येक चित्र यंत्र त्या क्षणी गणित करून काढत असतं. लालबाग-परळची मंडळं गणपतीत हलते देखावे उभे करतात, ते कुणी विकत नाही. मंडळाचं नाव व्हावं, शेजारच्या मंडळापेक्षा आपला देखावा सरस ठरावा आणि बघणाऱ्याने ‘हे केलं कसं?’ म्हणून थबकावं, एवढ्यासाठी कार्यकर्ते रात्री जागवतात. डेमोवाल्यांची ईर्षा नेमकी याच जातीची.

सुरुवात मात्र फारशी सोवळी नव्हती. १९८२ साली ‘कमोडोर ६४’ हा घरगुती संगणक बाजारात आला. ६४ किलोबाइट स्मृती, सुमारे एक मेगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर, सोळा रंग आणि आवाजासाठी ‘सिड’ नावाची स्वतंत्र चिप. तो घरच्या टीव्हीला जोडता यायचा. युरोपात तो घराघरांत गेला; फिनलंडमध्ये तर त्याची जाहिरातच ‘प्रजासत्ताकाचा संगणक’ अशी होती. गेम कॅसेटवर आणि फ्लॉपीवर यायचे, त्यांना कॉपी होऊ नये म्हणून कुलूप घातलेलं असायचं. ते कुलूप फोडणारी शाळकरी पोरं फोडलेल्या गेमच्या सुरुवातीला आपल्या नावाची पाटी लावू लागली. पाटीला रंग आले, मग सरकती अक्षरं, मग संगीत. हळूहळू गेमपेक्षा पाटीच बघण्यासारखी झाली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर काहींनी गेम बाजूला ठेवून नुसती पाटीच बनवायला घेतली, आणि तो डेमो झाला. मूळ धंदा चोरीचा होता हे खरंच आहे. पण त्यातून जे उगवलं ते पूर्णपणे त्यांचं स्वतःचं होतं.

एक करामत जवळून पाहण्यासारखी आहे. जुन्या टीव्हीत किरण डावीकडून उजवीकडे एकेक आडवी ओळ रंगवत वरून खाली यायचा. कमोडोर ६४च्या युरोपीय आवृत्तीत अशा ३१२ ओळी, सेकंदाला पन्नास वेळा. चित्राला त्यातल्या मधल्या २०० ओळी मिळायच्या. भोवताली एकरंगी जाड चौकट, आणि त्या चौकटीत काही काढायची सोय पडद्यावरचं चित्र सांभाळणारी चित्र-चिप बनवणाऱ्यांनी ठेवलेलीच नव्हती. पण अक्षरांच्या २५ रांगा दाखवायच्या की २४, हे एका बिटने ठरायचं. २४ रांगा असतील तर खालची चौकट २४७व्या ओळीला सुरू व्हायची, २५ असतील तर २५१व्या ओळीला. त्या त्या ओळीवर आल्यावर चिप स्वतःला विचारायची, ‘आता चौकट सुरू करायची का?’

कुण्या पोराच्या लक्षात आलं की किरण २४७व्या ओळीवर असेपर्यंत चिपला ‘२५ रांगा’ म्हणून सांगायचं. ती ओळ गेली की झटकन ‘२४ रांगा’ म्हणायचं. चिप २५१वर येते तेव्हा तिच्या हिशेबी रांगा २४ असतात आणि २४ची ओळ तर मागे पडलेली असते. चौकट सुरू करायची वेळच येत नाही. पडद्याची खालची आणि वरची पट्टी उघडी पडते आणि तिथे हलत्या आकृत्या नाचवता येतात. हे सगळं अवघ्या तीन-चार ओळींच्या अवधीत उरकायचं. एका ओळीला प्रोसेसरचे ६३ ठोके मिळतात, आणि दर आठव्या ओळीला चित्र-चिप स्मृतीचा ताबा घेते तेव्हा त्यातले वीस-बावीसच हाती उरतात. यंत्राच्या पुस्तकात ही युक्ती नव्हती. यंत्र बनवणाऱ्यांनाही न सुचलेलं त्या यंत्राकडून करवून घ्यायचं, यातच सगळी नशा होती.

ग्रुपमध्ये कामं वाटलेली असायची. कोड लिहिणारा, संगीत देणारा, चित्रं काढणारा, आणि चौथा ‘स्वॅपर’, म्हणजे फ्लॉपी टपालाने देशोदेशी धाडणारा. या स्वॅपरला कमी लेखून चालणार नाही. इंटरनेट नसताना नॉर्वेतल्या पोराची युक्ती हॉलंडच्या पोरापर्यंत पोचायची ती त्याच्यामुळे. टपालखर्च झेपायचा नाही, म्हणून तिकिटावर गोंदाचा किंवा हेअरस्प्रेचा थर द्यायचा. शिक्का त्या थरावर बसायचा, पलीकडचा मित्र तिकीट धुऊन पुन्हा वापरायचा. पत्रात ‘तिकिटं परत पाठव’ अशी आठवण असायची. आपल्या ग्रुपला सगळ्यांनी ओळखावं ही भूक एवढी की कायदाही आडवा आला नाही.

१९८७ साली जर्मनीच्या कार्स्टन ओबार्स्कीने अमिगा संगणकासाठी ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ केला. एका वेळी चार वाद्यांचे नमुने एकावर एक रचून गाणं बांधायची ही सोय. हाती पेटी किंवा गिटार नसलेला पोरगाही आता संगीतकार होऊ शकत होता.

फ्यूचर क्रूची सुरुवातही कमोडोर ६४वरच झाली. सामी तामिलेह्तो ऊर्फ ‘साय’ हा ग्रुपचा मुख्य कोडर. दशक संपता संपता हे लोक पीसीकडे वळले, आणि हा निर्णय धाडसाचा होता. पीसी तेव्हा हिशेबाचं, पत्रं टाइप करायचं ऑफिसातलं यंत्र होतं. अमिगात चित्र आणि आवाज सांभाळायला खास चिप होत्या, पीसीत त्यातलं काही नाही. जे करायचं ते प्रोसेसरच्या जोरावर. १९९२च्या जुलैत त्यांनी अमिगावरच्या दोन ग्रुपांना सोबत घेऊन हेलसिंकीजवळ कौनियाइनेनला ‘असेम्ब्ली’ हा मेळा भरवला. पोरं आपापले संगणक उचलून आणायची, हॉलमध्येच झोपायची, रात्री मोठ्या पडद्यावर डेमो दाखवले जायचे आणि जमलेली पोरंच मतदान करायची.

पुढच्या वर्षीच्या असेम्ब्लीत फ्यूचर क्रूने ‘सेकंड रिअ‍ॅलिटी’ दाखवला आणि पीसी विभागात पहिला नंबर घेतला. ठिपक्यांचे बोगदे, चेहऱ्यावरून फिरणारं भिंग, उंचसखल जमिनीवरून उड्डाण, शेवटी शहरावरून झेपावणारं यान, आणि ‘पर्पल मोशन’ व ‘स्कावेन’ यांच्या संगीताच्या ठेक्याला प्रत्येक दृश्य बांधलेलं. वीस वर्षांनी, २०१३ साली, त्यांनी या डेमोचा सगळा कोड जगाला खुला केला. त्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट पडद्यावर दिसतच नाही. डेमोचा प्रत्येक भाग हा स्वतंत्र प्रोग्राम होता, आणि मध्ये ‘डेमो इंट सर्व्हर’ नावाचा एक छोटा दुवा. गाणं कुठवर आलं हे तो प्रत्येक भागाला सांगायचा. त्यामुळे एकाने सी भाषेत लिहावं, दुसऱ्याने असेम्ब्ली या थेट प्रोसेसरच्या आज्ञांच्या भाषेत, कुणी कुणाच्या कोडमध्ये हात घालायची गरज नाही. मित्रांनी भांडण न करता एकत्र काम कसं करावं, याचं उत्तर विशीच्या आसपासच्या पोरांनी कोडमध्ये लिहून ठेवलं होतं.

मग असा ग्रुप मुंबईत आमच्या मानखुर्दला, चेंबूरला, किंवा पुण्याला का निघाला नाही? हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. मुलांत काही कमी नव्हतं. मानखुर्दला अणुशक्तीनगरच्या अंगाला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, विज्ञान ऑलिम्पियाडसाठी देशभरातली पोरं तिथे येतात. त्याची मातृसंस्था टाटा मूलभूत संशोधन संस्था. तिथल्या तरुणांनी १९५०च्या दशकात, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली, ‘टिफ्रॅक’ हा संगणक स्वतः बांधला. १९६० साली तो पूर्णपणे चालू झाला. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावायचे, म्हणजे जेमतेम दहा किलोबाइट. चित्र दाखवायला त्यालाही टीव्हीसारखी नळी जोडलेली होती. बांधणाऱ्यांतल्या बहुतेकांना संगणक बांधणीचा अनुभव नव्हता.

यंत्रही आपल्याकडे आलंच नाही असं नाही. नोव्हेंबर १९८४मध्ये नवं संगणक धोरण जाहीर झालं आणि त्याच सुमारास केंद्र सरकारने ‘क्लास’ प्रकल्पातून सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले. त्याचा प्रोसेसर कमोडोरच्याच कुळातला आणि वेगाने दुप्पट. त्याच्या बेसिक भाषेतच असेम्ब्ली लिहायची सोय होती, वेगळी फ्लॉपी विकत घ्यायला नको. टीव्हीही तोच: दूरदर्शन रंगीत झालं ते पाल पद्धतीवर, म्हणजे फिनलंडसारखंच सेकंदाला पन्नास वेळा. कमोडोर जोडला असता, तर चौकट उघडण्याची युक्ती अणुशक्तीनगरच्या क्वार्टरमधल्या टीव्हीवरही तशीच चालली असती.

पण शाळेतलं यंत्र कुलपाच्या खोलीत. आठवड्यातून एखादा तास, एका यंत्राभोवती चार-पाच डोकी, आणि ‘बिघडलं तर?’ ही धास्ती. खाजगी कॉम्प्युटर क्लासमध्ये वर्डस्टार, लोटस, डीबेस शिकवायचे, कारण नोकरी त्यावर होती. फिनलंडचा पोरगा रात्री दोनला उठून एक आकडा बदलून बघू शकत होता, आपला पोरगा पुढच्या गुरुवारची वाट बघायचा. डेमो लिहायला बुद्धी लागतेच, पण त्याआधी लागतो फुकट घालवायला मिळालेला वेळ, स्वतःच्या घरात, स्वतःच्या यंत्रापुढे. तो आपण मुलांना देऊ शकलो नाही. मुंबईत ‘लाइव्ह वायर’सारखे बीबीएस, म्हणजे टेलिफोनवरून जोडायचे संगणकी सूचनाफलक, नव्वदच्या दशकात आले, पण त्यासाठीही घरात पीसी, मोडेम आणि टेलिफोन तिन्ही हवेत. टेलिफोनची प्रतीक्षायादी ज्यांनी भोगली त्यांना वेगळं सांगायला नको.

ज्यांना यंत्र हाताशी मिळालं, त्यांनी काय केलं हे बघण्यासारखं आहे. १९९० साली भारतात ‘जोशी’ नावाचा व्हायरस सापडला. ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरायचा आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करायला लावायचा. स्वतःला दडवण्यासाठी तो फ्लॉपीच्या नेहमीच्या ट्रॅकपलीकडे एक जादा ट्रॅक बनवून तिथे बसायचा. मर्यादेपलीकडची जागा शोधायची ही नजर चौकट उघडणाऱ्या पोरांचीच. फरक इतकाच की ते कसब दाखवायला हॉल नव्हता, टाळ्या घ्यायला कुणी पुढे येऊ शकत नव्हतं, आणि त्रास मात्र परक्या माणसांना झाला. एवढं कौशल्य असं वाया गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरं उदाहरण उजळ आहे. मूळचे साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीत शिरले, मग संगणक दुरुस्तीत. दुरुस्तीला येणारी यंत्रं व्हायरसने ग्रासलेली असायची. धाकटा भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणक शिकत होता. तो ते व्हायरस उलगडून त्यांना काढणारे प्रोग्राम लिहू लागला. त्यातूनच नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ‘क्विक हील’ उभं राहिलं. दुकानात यंत्रं रात्रंदिवस हाताशी होती, ही बाब मला इथे निर्णायक वाटते.

युरोपातल्या ग्रुपांचं पुढे चांगलं झालं. स्वीडनच्या ‘द सायलेंट्स’मधल्या पोरांनी १९९२ साली ‘डिजिटल इल्यूजन्स’ काढली, ती पुढे ‘बॅटलफील्ड’ गेमसाठी जगभर गाजली. २०२० साली फिनलंडने डेमो लिहिण्याच्या या परंपरेला आपल्या जिवंत वारशाच्या राष्ट्रीय यादीत स्थान दिलं, पुढच्या वर्षी जर्मनीनेही. जर्मनीत सारब्रुकेनला दर ईस्टरला ‘रिव्हिजन’ मेळा भरतो. तिथे अवघ्या २५६ बाइटांत बसणाऱ्या डेमोंची स्पर्धा होते आणि कमोडोर ६४वर आजही नवीन काम सादर होतं.

आपल्याकडे यंत्र हाताशी नसण्याची ती अडचण आता उरलेली नाही. ‘व्हाइस’ नावाचा मोफत प्रोग्राम कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर कमोडोर ६४ हुबेहूब उभा करतो. बिघडण्यासारखं त्यात काहीच नाही. होमी भाभा केंद्रात जी. नागार्जुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचं काम वर्षानुवर्षं केलं, त्यामुळे मानखुर्दला हा विचार नवखाही नाही. इथल्या महाराष्ट्र नगर किंवा लल्लूभाई कंपाउंडमधल्या एखाद्या अभ्यासिकेत एक लॅपटॉप, चार पोरं आणि कुणी घड्याळ न दाखवणारी संध्याकाळ, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

पहिला धडा बेसिकमध्ये: ‘पोक ५३२८०,०’ टाइप करून रिटर्न दाबायचं. पडद्याची चौकट काळी होते. शून्याच्या जागी १५पर्यंतचे आकडे घालून सगळे रंग बघायचे. दुसरा धडा असेम्ब्लीत, फक्त दोन आज्ञांचा. पहिली त्या ५३२८०मधला आकडा एकाने वाढवते, दुसरी पुन्हा पहिलीकडे पाठवते. पहिलीला सहा ठोके लागतात, दुसरीला तीन. एका ठोक्यात किरण आठ ठिपके पुढे सरकतो, म्हणून चौकटीवर ७२ ठिपके रुंदीच्या रंगीत पट्ट्या उमटतात. त्या थरथरतात, कारण यंत्र दर सेकंदाला साठेक वेळा काम थांबवून कीबोर्ड तपासतं, आणि दर आठव्या ओळीला चित्र-चिप प्रोसेसरला अडवते. हे दोन अडथळे चुकवून पट्ट्या स्थिर करणं, हा तिसरा धडा.